आदिवासी पाड्यावर कॉलेजचं शिबिर न्यायचंय? मग आधी हे करा

डिसेंबर जवळ आला की एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या शिबिराची धावपळ सुरू होते आणि मुंबई, ठाणे, नाशिक, पुण्याकडची बरीच कॉलेजं एखादा आदिवासी पाडा निवडतात, जव्हार, मोखाडा, डहाणू, कर्जत, सुरगाणा असं कुठेतरी. बॅनर छापून होतो, वेळापत्रक ठरतं, बस बुक होते आणि मग सगळ्यात शेवटी सरपंचांना फोन जातो की आम्ही येतोय. हा क्रम उलटा करायला हवा. गाव त्यांचं, जमीन त्यांची, तर तुम्ही यायचं का, कधी यायचं आणि येऊन काय करायचं हे आधी त्यांनी सांगायचं, बाकीचं सगळं त्यानंतर.

तर सुरुवात माहितीपासून. पाडा कुणाचा आहे ते नीट विचारून घ्या, वारली, कोकणा, मल्हार कोळी, महादेव कोळी, ठाकर, कातकरी ह्या वेगवेगळ्या जमाती आहेत, बोली वेगळी, देव वेगळे, सगळ्यांना एकच समजून निघालात तर पहिल्याच दिवशी चुकाल. मग कायदा बघा. महाराष्ट्रात 13 जिल्ह्यांमध्ये अनुसूचित क्षेत्र आहे, तिथे ग्रामसभेला अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा लागू होतो आणि राज्याच्या 2014 च्या नियमांप्रमाणे एखाद्या पाड्याची स्वतःची वेगळी ग्रामसभा असू शकते. म्हणजे ग्रामपंचायतीच्या ऑफिसातून होकार आला म्हणजे पाड्याचा होकार आला असं नाही. रायगड जिल्हा पेसात नाही, तिथल्या कातकरी वाड्यांना हे संरक्षण मिळत नाही, पण म्हणून विचारायचं नाही असं थोडंच आहे? उलट तिथे जास्त जपून, कारण कितीतरी वाड्यांवर घराखालची जमीनसुद्धा राहणाऱ्याच्या नावावर नसते आणि तुम्ही भिंत बांधली, बोर्ड लावला तर त्याचा त्रास मागे राहणाऱ्यांना होऊ शकतो.

जमिनीवरून आठवलं, वृक्षारोपण. प्रत्येक शिबिरात असतंच आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही, पण डोंगरउतारावरची जी जागा तुम्हाला ओसाड दिसते ती बहुतेक वेळा कुणाची तरी वरकस जमीन असते, पावसाळ्यात तिथे नाचणी-वरई होते, किंवा 2006 च्या वनहक्क कायद्याखाली त्या प्लॉटचा दावा टाकलेला असतो आणि निकाल यायचा असतो. तिथे रोपं लावणं म्हणजे कुणाच्या तरी तोंडचा घास काढणं. जागा ग्रामसभेने दाखवली तरच खड्डे खणा, रोपं कुठली तेही त्यांनाच विचारा.

आता परवानगी कशी मागायची. दोन-तीन महिने आधी फक्त दोन-तीन जणांनी जा, बॅनर नको, फोटो नको. संध्याकाळी जा, दिवसा माणसं शेतावर नाहीतर मजुरीवर असतात. पुरुष पुढे बसून बोलतील, बायका मागे उभ्या राहतील, तर मुलींनी बायकांशी वेगळं बोलावं, पाण्याचा खरा प्रॉब्लेम त्याच सांगतात. आणि लगेच उत्तर मागू नका. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, ते गाव निर्णय मतदानाने नाही तर सगळ्यांची सहमती होईपर्यंत चर्चा करून घेतं, अशा चर्चेला वेळ लागतो आणि तो द्यायलाच हवा. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं जिवावर येतं, म्हणून नुसतं "बघू" म्हणाले किंवा गप्प राहिले तर तो होकार धरू नका, पुन्हा जा. नकोच म्हणाले तर राम राम करून परत या, दुसरं ठिकाण शोधा.

तारखेचं बोलायचं तर इथे कॉलेजचं कॅलेंडर आणि पाड्याचं कॅलेंडर यांची टक्कर होते. दिवाळी झाली की कातकरी आणि इतरही बरीच कुटुंबं पोरांसकट वीटभट्टीवर जातात ती पाऊस तोंडावर आल्यावर परततात. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर अर्ध्या घरांना कुलूप, मग शिबिर कुणासाठी? गावात माणसं कधी असतात ते विचारा आणि शक्य असेल तर तारीख हलवा, युनिव्हर्सिटीकडे त्यासाठी भांडावं लागलं तरी भांडा. रायगडात असाल तर 25 सप्टेंबर लक्षात ठेवा, 1930 मध्ये त्या दिवशी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि नाग्या कातकरी शहीद झाले, त्या दिवशी कार्यक्रम करायचा तर वाडीतल्या लोकांना बोलावून, त्यांना पुढे बसवून करा.

श्रमदान काय करायचं तेही पाडाच ठरवेल. वनराई बंधारा मागितला तर उत्तम, पावसाळा संपल्यावर ओढ्याला पाणी असेपर्यंत रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती-वाळू भरून घालायचा, उशीर झाला की अडवायला पाणीच उरत नाही. एक गोष्ट मात्र पक्की ठरवा, पाड्यावरच्या कुणाकडूनही फुकट काम करून घ्यायचं नाही. स्वयंपाकाला बायका लागल्या, सरपण आणून हवं, वाट दाखवायला कुणी हवं, तर रोजची मजुरी आधी ठरवून त्याच दिवशी हातात द्या. डहाणू-तलासरी भागातल्या वारल्यांनी 1945 मध्ये वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, त्यात माणसं गोळीला बळी पडली, त्याच मातीत जाऊन आपण "गावकऱ्यांचा सहभाग" म्हणत फुकट राबवून घ्यायचं हे मला अजिबात पटत नाही. रेशन स्वतःचं न्या, पाणी किती वापरायचं ते विचारा, कचरा परत घेऊन या.

राहायला आश्रमशाळा मिळत असेल तर आधी बघा की तुमच्यामुळे तिथल्या पोरांना वर्गाबाहेर झोपावं लागणार नाही ना.

वागण्याबद्दल थोडक्यात. देवाच्या जागा, वाघदेव, देवराई, विचारल्याशिवाय जवळ जायचं नाही, चपला घालून तर नाहीच. पोरांचे फोटो इन्स्टावर नकोत. जुने कपडे वाटू नका. सर्व्हे करायचा असेल तर आधी सांगा की ह्या माहितीचं पुढे काय होणार, उत्पन्न आणि आधार नंबर विचारत फिरू नका. अंधश्रद्धेवर पथनाट्य करून भगताची, म्हणजे पाड्यावर झाडपाला-मंत्राने उपचार करणाऱ्याची, टिंगल करायची पद्धत आहे ती बंद करा, साप चावल्यावर लगेच दवाखान्यात न्यायला हवं हे खरंच आहे पण ते पाड्यावरच्या आशाताईंना बरोबर घेऊन, साध्या भाषेत सांगा.

आणि कॉलेजात परत आल्यावरच्या कार्यक्रमांचं काय? गॅदरिंगला अंगाला काळं फासून, डोक्याला पिसं लावून, पाला गुंडाळून "आदिवासी डान्स" होतो आणि समोर प्राचार्य टाळ्या वाजवतात. समोरच्या रांगेत तुमच्याच कॉलेजची वारली नाहीतर ठाकर मुलगी बसलेली असते, तिला काय वाटत असेल? तो आयटम सरळ रद्द करा. भिंतीवर वारली चित्रं हवीत तर वारली चित्रकाराला बोलवा आणि शहरातल्या आर्टिस्टला द्याल तेवढे पैसे द्या. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, नेटवरून डिझाइन उचलून रंगवायची गरजच नाही. लग्नचौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चित्र, मात्र सवासिणी लग्नात लिहितात, त्यात पालघट देवी बसते, तो कॅन्टीनच्या भिंतीवर काढायचा का हे त्या चित्रकारालाच ठरवू द्या. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणाऱ्यांना बोलावलं तर मानधन, गाडीभाडं, जेवण, राहण्याची सोय आधी ठरवा, आणि पाहुण्यांच्या एन्ट्रीला दोन मिनिटं वाजवून घेऊ नका, नीट वेळ द्या, त्यांना बोलायचं असेल तर माइक द्या.

शेवटचं काम बहुतेक जण विसरतात. शिबिराचा रिपोर्ट युनिव्हर्सिटीला जातो, पाड्यावर जात नाही. त्याची मराठी प्रत घेऊन महिनाभरात परत जा, ग्रामसभेत वाचून दाखवा, कुठला खर्च किती झाला तेही सांगा, काढलेले फोटो प्रिंट करून ज्याचे त्याला द्या. काही चुकलं असेल तर ते तिथेच कळेल, ते लिहून घ्या आणि पुढच्या वर्षीच्या टीमच्या हातात द्या, कारण बॅच बदलते आणि पाड्यावरच्या लोकांना दरवर्षी तेच सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं.