शिक्षकांनो, स्वतःच्या शिकण्याचं ध्येय ठरवताना या चुका टाळा

जून उजाडला की मुख्याध्यापक एक फॉरमॅट पुढे सरकवतात, त्यात एक रकाना असतो, यावर्षी व्यावसायिक विकासासाठी काय करणार. आणि आपण सगळे तिथे लिहितो, तंत्रस्नेही होणार, इंग्रजी सुधारणार, नवोपक्रम राबवणार. फाईल कपाटात जाते आणि थेट पुढच्या जूनमध्ये बाहेर येते. असं का होतं? माझ्या मते आपण ध्येय चुकीच्या जागी शोधतो. कुठला कोर्स आलाय ते बघतो, पोरांच्या वह्या बघत नाही.

तास मोजणं म्हणजे शिकणं नाही

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. चांगलंच आहे. पण आपल्याकडे ५० हा आकडा तेवढा लक्षात राहिला, बाकी धोरण विसरलो. मग दीक्षावर (सरकारचं ऑनलाइन प्रशिक्षणाचं अ‍ॅप) व्हिडिओ लावून फोन टेबलावर आणि आपण शालेय पोषण आहाराची नोंद करतोय, शेवटच्या प्रश्नमंजुषेची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेलीच असतात, झालं सर्टिफिकेट. वरिष्ठ वेतनश्रेणी १२ वर्षांनी, निवडश्रेणी २४ वर्षांनी, त्याचं प्रशिक्षण वेगळं, ते पगाराशी जोडलेलं आहे म्हणून करावंच लागतं, त्यात लाजायचं काही नाही. फक्त त्याला आपलं वर्षाचं ध्येय म्हणू नका.

ध्येय एवढं मोठं की पकडताच येत नाही

"गणित अध्यापन सुधारणे" हे ध्येय नाही, ती इच्छा झाली. समजा तिसरीचा वर्ग आहे आणि ५२ वजा २७ दिलंय. निम्म्या वह्यांत उत्तर ३५. आपण लाल पेनाने फुली मारतो, फळ्यावर परत एकदा हातचा समजावून सांगतो, पुढच्या आठवड्यात परत ३५.

आता जरा पोरांना जवळ बसवून विचारा, कसं केलंस सांग. एक म्हणेल सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे हा मोठ्यातून लहान वजा करतोय, वर कोण खाली कोण याचं त्याला काही पडलेलं नाही. दुसरी म्हणेल दोनातून सात जात नाहीत म्हणून एक दशक सुटा केला, बारातून सात गेले पाच, आणि मग पाचातून दोन गेले तीन. हिने दशक सुटा केलाय बरोबर पण दशकाच्या घरात पाचाचे चार करायला विसरली. उत्तर दोघांचं ३५, आजार मात्र वेगळा! पहिल्याला दशकाचे दांडे आणि सुटे हातात देऊन दांडा मोडून दाखवायला लागेल, दुसरीला तेच परत शिकवलं तर ती कंटाळेल, तिला फक्त उरलेले दांडे मोजायची सवय लावायची आहे.

आणि गंमत बघा, ५२ ऐवजी ५३ वजा २७ दिलं असतं तर पहिल्याचं उत्तर ३४ आलं असतं, दुसरीचं ३६, आणि बरोबर उत्तर २६. म्हणजे वही बघूनच कळलं असतं कोण कुठे अडकलंय. एककाच्या घरातल्या आकड्यांत फरक पाचाचा असला की दोन्ही चुका एकमेकींत लपतात. असं उदाहरण निवडता येणं हे आपलं शिकणं.

मग ध्येय असं लिहा: दिवाळीपर्यंत हातच्याच्या वजाबाकीतल्या चुकांचे प्रकार ओळखायला आणि त्याप्रमाणे उदाहरणं तयार करायला मी शिकेन. एवढंच. आता कोर्स शोधा, निष्ठाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षक प्रशिक्षणाच्या, पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाच्या १२ कोर्समध्ये संख्याज्ञानाचा कोर्स आहेच, तोच कोर्स आता वेगळा वाटेल कारण डोक्यात प्रश्न घेऊन बसलाय. डाएटकडे (जिल्ह्याची शिक्षक प्रशिक्षण संस्था) कृतिसंशोधन, म्हणजे स्वतःच्या वर्गातल्या अडचणीवरचा अभ्यास, द्यायचं असेल तर विषयही आयता मिळाला.

दुसऱ्याच्या शाळेची बाहेरून कॉपी

२०१५ नंतर प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाचा जोर होता तेव्हा साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे पोरांनी स्वतः करून शिकण्यासाठी गाजलेला शाळांचा गट, बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथलं काम खरंच बघण्यासारखं होतं. पण परत येऊन बऱ्याच ठिकाणी काय झालं, फरशा रंगल्या, भिंती रंगल्या, आणि पोरं त्या रंगीत फरशीवर बसून फळ्यावरचं उतरवून घेत राहिली. भेटीला जाताना एकच प्रश्न घेऊन जा, तिथली बाई पोराचं चुकलं की काय बोलते? फोटो कमी काढा.

वेळापत्रक न बघता ध्येय

जूनमध्ये नवागतांचं स्वागत आणि पुस्तक वाटप, मग यू-डायस (शाळेची ऑनलाइन माहिती भरणं), संच मान्यता (पटावरून शिक्षकांची पदं ठरणं), निवडणुकीचं बीएलओचं म्हणजे मतदार याद्यांचं काम, नंतर स्पर्धा, गॅदरिंग, शिष्यवृत्ती परीक्षा. हे दरवर्षीचंच आहे, तरी आपण ध्येय लिहिताना वर्ष रिकामं धरतो. जुलै ते सप्टेंबर त्यातल्या त्यात हाताशी असतो, काय करायचं ते तिथे बसवा.

आता यात टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, भर पडलीय. १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने सेवेची पाच वर्षांहून जास्त बाकी असलेल्यांना दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं, त्यामुळे वीस-वीस वर्षं शिकवलेले लोक गाईड घेऊन बसलेत, राग येणं साहजिक आहे. पण अभ्यास करायचाच आहे तर १५० पैकी ३० गुणांचं बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्र नुसतं पाठ करू नका, वर्गातल्या एखाद्या पोराला समोर धरून वाचा. वर सांगितलेलं वजाबाकीचं पोर त्यात सापडतं.

एकट्याने करणं

द्विशिक्षकी शाळेत कोण बघणार आपला तास? शेजारच्या शाळेतला एक जण पकडा. मोबाईल खिडकीत ठेवून दहा मिनिटं रेकॉर्ड करा (पोरांचे व्हिडिओ ग्रुपवर टाकायचे नाहीत, बघून डिलीट), एकमेकांना एवढंच विचारायचं की मी प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबलो. बहुतेक जण दोन सेकंदही थांबत नाहीत, स्वतःच उत्तर देऊन मोकळे. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत परिपत्रक वाचनात दुपार जाते, तिथे केंद्रप्रमुखांना आधी सांगून पंधरा मिनिटं मागून घ्या आणि चुकलेल्या वह्या घेऊन जा. आदर्श पाठापेक्षा चुकलेल्या वहीवर लोक जास्त बोलतात.

आणि दीक्षाच्या कटकटी

कोर्स पूर्ण दिसत नाही? बऱ्याचदा जॉइन एका लॉगिनने केलेलं असतं आणि व्हिडिओ दुसऱ्याने बघितलेले असतात, घरच्या फोनवर जीमेल, शाळेच्या टॅबवर वेगळंच. एकच लॉगिन ठेवा. ऑफलाइन बघितलं असेल तर नेट मिळाल्यावर अ‍ॅप उघडून प्रगती सिंक होऊ द्या, गावात रेंज नसेल तर तालुक्याला गेल्यावर करा. सर्टिफिकेटवर प्रोफाइलमधलं नाव येतं, म्हणून स्पेलिंग आधी तपासा, नंतर बदलायला फार त्रास. सर्टिफिकेट लगेच येत नाही, काही दिवस जातात, तेवढ्यात परत पहिल्यापासून कोर्स करत बसू नका. आणि नोंदणीची शेवटची तारीख आधी बघून ठेवा, बॅच बंद झाली की केंद्रप्रमुखही काही करू शकत नाहीत.