वर्क्स रॅली कारचा इतिहास लिहिताना या चुका टाळा

लाल गाडी, पांढरं छत, दारावर ३७. मिनी कूपर एसचं हे छोटं मॉडेल माझ्या टेबलावर असतं आणि त्याच्या खालच्या पट्टीवर मी हौसेनं '१९६३' लिहून ठेवलं होतं. गाडीची नोंदणी त्या वर्षाची, म्हणून. पण ती जिच्यामुळे गाजली ती माँटे कार्लो रॅली जानेवारी १९६४ची. पट्टी खरवडून पुन्हा लिहावी लागली. त्या खटपटीत लक्षात आलं की कारखान्याच्या स्वतःच्या टीमच्या, म्हणजे 'वर्क्स', गाड्यांबद्दल आपण जे बेधडक लिहितो, त्यातलं बरंचसं अशाच घाईतून येतं.

उदाहरण मिनीचंच घेऊ. मिनी बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचा स्पर्धा विभाग इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला, एमजीच्या कारखान्यात होता. १९६१ ते १९६७ स्टुअर्ट टर्नर त्याचा प्रमुख होता. मिनीची गाजलेली वर्षं हीच.

नंबर प्लेट म्हणजेच गाडी, असं समजणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. आरसी बुकावर इंजिन आणि चेसिस नंबर असतो, म्हणून आपल्याला वाटतं की प्लेट तीच तर गाडी तीच. रॅलीत गाडी दरीत जाते, दगडावर आपटते, पत्रा चुरगळतो. ॲबिंग्डनला अशा गाडीला नवी बॉडी देत आणि जुनी नंबर प्लेट तीवर चढवत. परदेशी रॅलीसाठी सीमेवरची कागदपत्रं त्या नंबरावर तयार असत, त्यामुळे नंबर तोच ठेवणं सोयीचं होतं. परिणाम असा की दोन हंगाम एकच प्लेट फोटोत दिसते, पण तिच्यामागचा पत्रा कदाचित वेगळा असतो.

म्हणून इतिहास लिहिताना 'ही गाडी अमुक रॅलीत धावली' असं न लिहिता 'या नंबराखाली अमुक रॅलीत नोंद' असं लिहा. वाक्य थोडं सरकारी वाटतं, पण खोटं ठरत नाही. आणि विकायला निघालेली गाडी 'खरी वर्क्स कार' आहे असं कुणी नुसती प्लेट दाखवून सांगत असेल, तर चहा पिऊन परत या.

प्लेट वाचता येते, ती वाचा

त्याच प्लेटमधून बरंच कळतंही. एमएच-१२ दिसलं की पुणे, तसं जेबी, बीएल, आरएक्स या जोड्या बर्कशायरच्या. ॲबिंग्डन तेव्हा त्याच परगण्यात होतं. पुढे शेवटच्या अक्षरावरून वर्ष कळू लागलं: बी म्हणजे १९६४, डी म्हणजे १९६६. १९६५ची माँटे जिंकणारी एजेबी ४४बी आणि १९६७ची एलबीएल ६डी, दोन्ही आदल्या वर्षीच्या नोंदणीच्या. माझ्या मॉडेलवरच्या १९६४च्या विजेत्या ३३ ईजेबीला वर्षाचं शेवटचं अक्षरच नाही, पण तिचंही गणित तेच. माँटे जानेवारीत असते, त्यामुळे नोंदणीचं वर्ष आणि विजयाचं वर्ष बहुतेकदा जुळत नाही. माझी चूक इथेच झाली होती.

याला अपवाद १९६६ची जीआरएक्स ५५५डी. डी अक्षर १ जानेवारीला सुरू झालं आणि रॅली त्याच महिन्यात, म्हणजे प्लेट अगदी ताजी.

दारावरचा ३७ हा रॅलीचा क्रमांक, ३३ हा नोंदणीचा. हे दोन एकमेकांत मिसळलेले मी इतक्यांदा पाहिलेत की आता राग येत नाही.

१९६६ची रिकामी ओळ

'मिनीनं माँटे सलग चार वेळा जिंकली' हे वाक्य कुठे वाचलंत तर सोडून द्या. विजय तीन: १९६४ पॅडी हॉपकर्क, १९६५ टिमो मॅकिनेन, १९६७ राउनो आल्टोनेन. १९६६ला तीन मिनी पहिल्या तीन जागांवर आल्या, मॅकिनेन, आल्टोनेन, हॉपकर्क या क्रमानं, आणि तिन्ही अपात्र ठरल्या. कारण हेडलाइट. आयोडीनच्या दिव्यांत एकच फिलामेंट होती, त्यामुळे डिपर मारायला प्रकाश फॉग लॅम्पवर वळवावा लागे, आणि ते नियमात बसत नाही असं आयोजकांनी ठरवलं. विजय पाउली टॉइव्होनेनच्या सित्रोएनला गेला.

आता या गाडीच्या नोंदीत काय लिहायचं? काही जण 'प्रथम' लिहितात, काही ओळच गाळतात. दोन्ही चूक. 'मार्गावर प्रथम, तांत्रिक तपासणीनंतर अपात्र' असं लिहा. अपात्र होणं आणि गाडी बंद पडून बाहेर जाणं यातही फरक ठेवा, नाहीतर वाचक इंजिनला दोष देतो.

सर्वात वेगवान म्हणजे विजेता नव्हे

१९६४ला टप्प्यांवर सर्वात वेगवान होता बो ल्युंगफेल्ट, मोठ्या व्ही-८ फोर्ड फाल्कनमध्ये. पण गुणमोजणीत इंजिनचा आकार धरला जाई, आणि हॉपकर्कची १०७१ सीसीची मिनी पुढे गेली. विजय खराच होता, पण 'सर्वांपेक्षा जलद' असं लिहू नका. १९६७ला लान्चियाच्या ओवे अँडरसनवर आल्टोनेनची आघाडी १३ सेकंदांची. हा फरक घड्याळातला, म्हणून वेगवेगळ्या वर्षांचे विजय एकाच पट्टीवर मोजू नयेत.

को-ड्रायव्हरचं नाव गाळू नका, तपासणीला ते उपयोगी पडतं. हेन्री लिडन १९६४ला हॉपकर्कबरोबर होता आणि १९६७ला आल्टोनेनबरोबर. मॅकिनेनच्या विजयात पॉल ईस्टर होता. फोटोखाली लिडन आणि १९६५चा विजय एकत्र लिहिलेले दिसले, तर ओळ चुकलीय.

लांबच्या शर्यतीत आणखी एक जागा घसरण्याची असते. १९६८च्या लंडन-सिडनी मॅरेथॉनमध्ये गाड्या मुंबईत जहाजावर चढल्या आणि ऑस्ट्रेलियात उतरून पुढे गेल्या. मुंबईपर्यंत आघाडी रॉजर क्लार्कच्या लोटस कोर्टिनाची होती, सिडनीला पहिला अँड्र्यू कोवान, हिलमन हंटरमध्ये. दुसरा हॉपकर्क, ॲबिंग्डननंच तयार केलेल्या ऑस्टिन १८०० गाडीत. अशा शर्यतीसाठी तक्त्यात दोन रकाने करा, एक मुंबईचा, एक सिडनीचा.