डिरेक्टरीत पैसे भरून नाव लावावे का? बेळगाव-निपाणीकडच्या व्यावसायिकांसाठी तपासणीची रीत

उद्यमबागेतील कारखानदार असो, शहापूरचा साडी-व्यापारी असो की निपाणीतील खत-बियाण्यांचा दुकानदार, ऑनलाइन डिरेक्टरीच्या विक्रेत्याचा फोन प्रत्येकाला कधी ना कधी येतोच. पलीकडचा मनुष्य हिंदीत सुरुवात करतो, उत्तर मराठीत आले की मराठीवर येतो, आणि 'तुमचे नाव आमच्याकडे सर्वांत वर लावतो, गूगलवर पहिल्या पानावर याल, शिवाय बॅकलिंक (म्हणजे आमच्या वेबसाइटवरून तुमच्या वेबसाइटकडे जाणारा दुवा, ज्याचा गूगल क्रमांक लावताना विचार करते) मिळेल' असे सांगून ही सवलत आजच्या दिवसापुरतीच आहे अशी पुस्ती जोडतो. या एका वाक्यात दोन वेगळ्या वस्तू एकाच पुडीत बांधलेल्या असतात. एक म्हणजे डिरेक्टरीच्या स्वतःच्या पानावरून तुमच्याकडे येणारे गिऱ्हाईक, आणि दुसरी म्हणजे तुमच्या स्वतःच्या वेबसाइटचा किंवा गूगलवरील नोंदीचा वर सरकणारा क्रमांक. पहिली वस्तू काही धंद्यांत खरोखर मिळते. दुसरी पैसे भरल्यामुळे मिळते असे मला आजवर तरी दिसलेले नाही, म्हणून दोन्हींची तपासणी वेगवेगळी करावी.

दुसरीचा निकाल आधी लावावा, कारण तो संगणकासमोर दहा मिनिटांत लागतो. त्या डिरेक्टरीत आज पैसे भरत असलेल्या एखाद्या सभासदाचे पान उघडावे, त्याच्या वेबसाइटच्या दुव्यावर उजवे क्लिक करून 'इन्स्पेक्ट' निवडावे आणि समोर येणाऱ्या कोडमध्ये 'नोफॉलो' (nofollow) किंवा 'स्पॉन्सर्ड' (sponsored) हा शब्द आहे का ते पाहावे. असेल, तर पैशांच्या बदल्यात दिलेला दुवा असल्याची खूण डिरेक्टरीनेच केली आहे आणि क्रमांकासाठी त्याच्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. नसेल, तर आनंद मानण्याचे कारण नाही, कारण क्रमांक वाढवण्यासाठी विकत घेतलेला आणि अशी खूण न केलेला दुवा गूगलच्या स्पॅमविषयक नियमांत बसत नाही, आणि हलक्या प्रतीच्या डिरेक्टऱ्यांमधील दुव्यांचा तर त्या नियमांत नाव घेऊन उल्लेख आहे. पुष्कळदा असेही आढळते की वेबसाइटचा दुवा म्हणून दिसणारे बटण प्रत्यक्षात डिरेक्टरीच्याच दुसऱ्या पानावर नेते, म्हणजे दुवा मुळात दिलेलाच नसतो. 'आमचा डीए साठच्या वर आहे' हे वाक्य ऐकले तर एवढे लक्षात ठेवावे की डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी हा एका खासगी कंपनीचा आकडा आहे आणि गूगल क्रमांक लावताना तो वापरत नाही.

ही विक्रीची भाषा जुन्या काळातून आलेली आहे. याहूच्या डिरेक्टरीत व्यावसायिक वेबसाइटची नोंद करण्यासाठी वर्षाला 299 डॉलर आकारले जात आणि लोक ते दुव्यासाठी आनंदाने भरत. 2012 च्या एप्रिलमध्ये गूगलने पेंग्विन हा बदल आणून कृत्रिम दुव्यांवर घाव घातला, याहूची डिरेक्टरी 2014 च्या अखेरीस बंद झाली आणि स्वयंसेवकांनी चालवलेली डीमॉझ 2017 च्या मार्चमध्ये मिटली. विक्रेत्यांचे बोलणे मात्र त्याच जागी राहिले.

येथे एक गोष्ट डिरेक्टऱ्यांच्या बाजूने सांगणे न्याय्य ठरेल. गूगल स्थानिक निकाल लावताना तीन बाबी पाहते: शोधाशी जुळणी, अंतर आणि त्या व्यवसायाची प्रसिद्धी, या प्रसिद्धीचा अंदाज घेताना वेबवर इतरत्र, डिरेक्टऱ्यांमध्येसुद्धा, तुमच्याविषयी असलेली माहिती उपयोगी पडते. म्हणजे नोंद असण्याला थोडे मोल आहे, परंतु ते फुकटच्या नोंदीलाही तेवढेच आहे. जस्टडायल, इंडियामार्ट यांसारख्या मोठ्या ठिकाणी मूळ नोंद विनामूल्य करता येते, गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद, पूर्णपणे विनामूल्य आहे, आणि पैसे घेऊन स्थानिक निकालांत वरचा क्रमांक देत नाही असे गूगल स्वतः सांगते. म्हणून गूगलची नोंद पडताळून, फोटो आणि वेळापत्रक भरून पूर्ण होईपर्यंत कोणत्याही डिरेक्टरीला एक रुपयाही देऊ नये.

या नोंदी करताना आपल्या भागात एक खास घोळ होतो आणि त्याने होणारे नुकसान कोणतेही पॅकेज भरून देत नाही. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. जीएसटीच्या प्रमाणपत्रावर तेच आहे, परंतु गोवा-कोल्हापूरचे गिऱ्हाईक अजूनही जुने 'बेलगॉम' टंकते, घरातले लोक 'बेळगाव' म्हणतात आणि पाटी तीन लिप्यांत असते. परिणामी एकाच दुकानाच्या चार ठिकाणी चार नोंदी, दोन पिनकोड आणि तीन फोन नंबर होतात. एका डिरेक्टरीच्या माणसाने तर माझ्या ओळखीच्या एका मशीन शॉपचा पत्ता 'बेळगाव, महाराष्ट्र' असा भरून ठेवला होता. सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो डेटा एंट्री करणाऱ्याने परस्पर निकालात काढण्याचे कारण नव्हते! व्यवहारात त्याचा त्रास असा झाला की पुण्याच्या खरेदीदाराने पत्ता पाहून राज्यांतर्गत कर धरून भाव काढला आणि नंतर बिलावरचा जीएसटी क्रमांक महाराष्ट्राच्या 27 ऐवजी कर्नाटकाच्या 29 ने सुरू होतो हे पाहून खुलासा मागत बसला. म्हणून दुकानाचे नाव, पत्ता आणि फोन यांचे एकच लेखन ठरवून कागदावर लिहून ठेवावे आणि जुनी-नवी प्रत्येक नोंद त्याच्याशी ताडून पाहावी. शहराची जुनी नावे आपल्या वेबसाइटवरील मजकुरात सहजपणे येऊ द्यावीत, पत्त्यात नकोत.

आता पहिल्या वस्तूकडे, म्हणजे गिऱ्हाइकाकडे वळू. डिरेक्टरीचे पान गिऱ्हाइकाला दिसतच नसेल तर त्या पानावर पहिले असून काय उपयोग? हे पाहण्यासाठी गिऱ्हाईक ज्या शब्दांत शोधते तेच शब्द वापरावेत, विक्रेत्याने सुचवलेले नव्हेत. मंगल कार्यालय असेल तर ते मराठीत, 'कल्याण मंटप' असे कन्नडमध्ये आणि 'मॅरेज हॉल' असे इंग्रजीत, तिन्ही लिप्यांत आणि शहराच्या दोन्ही-तिन्ही नावांसह शोधावे. ओतकामाचा कारखाना असेल तर खरेदीदार 'फाउंड्री' एवढेच लिहीत नाही, तो 'सीआय कास्टिंग' किंवा 'पंप केसिंग' असे लिहितो. इन्कॉग्निटो खिडकीत तुमचा पूर्वीचा शोध-इतिहास आड येत नाही, पण ठिकाण लपत नाही. उद्यमबागेत बसून दिसलेला निकाल कोल्हापुरात वेगळा असतो. त्यामुळे कोल्हापूरच्या, फोंड्याच्या आणि हुबळीच्या पाहुण्यांना तेच शब्द त्यांच्या फोनवर टंकायला सांगून स्क्रीनशॉट मागवावेत. हे काम फुकट होते आणि कोणत्याही अहवालापेक्षा खरे असते.

दहा-बारा शोधांपैकी किती वेळा त्या डिरेक्टरीचे पान पहिल्या पानावर आले ते लिहावे. आले, तर ते उघडून पाहावे की यादीत खरोखर बेळगावचे व्यावसायिक आहेत की हुबळी आणि बेंगळुरूची भरताड केली आहे, तुमच्या प्रकारात पैसे भरणारे किती आहेत, आणि पैसे न भरणारा कितव्या जागी दिसतो. पैसे भरणारे पंधरा असतील तर 'सर्वांत वर' हा शब्द पंधरा जणांना विकला गेला आहे हे उघड आहे. त्यानंतर यादीतील दोन-तीन नंबरांवर स्वतः फोन करावा. फोन थेट दुकानात वाजतो, की कॉल सेंटरमध्ये जाऊन तुमची मागणी आणखी चार जणांना वाटली जाते, हे एका मिनिटात कळते. वाटली जाणारी चौकशी मुळातच निम्म्या किमतीची समजावी, कारण तिथे पहिला फोन करणारा आणि सर्वांत कमी भाव सांगणारा जिंकतो. शेवटी, त्याच डिरेक्टरीत दोन वर्षांपूर्वी पैसे भरलेला एखादा दुकानदार गाठून चहा घेता घेता 'दुसऱ्या वर्षी पुन्हा भरले का?' एवढेच विचारावे.

एवढे करूनही पाणी आहे असे वाटले, तर मोजमापाची तयारी पैसे भरण्याच्या आधी करावी, नंतर नव्हे. वेबसाइटचा जो पत्ता डिरेक्टरीला द्याल त्याच्या शेवटी यूटीएमची खूण (माणूस कुठून आला हे सांगणारे शब्द) जोडावी, म्हणजे वेबसाइटवर येणाऱ्यांची मोजदाद करणाऱ्या गूगल अॅनालिटिक्समध्ये त्या डिरेक्टरीतून आलेले लोक वेगळे दिसतात. वेबसाइट गूगलच्या शोधात किती वेळा दिसली हे दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये 16 महिन्यांचा तपशील असतो, त्यामुळे यंदाचा एप्रिल-मे गेल्या एप्रिल-मेशी ताडता येतो. लग्नसराईतली वाढ डिरेक्टरीच्या नावावर जमा होण्याची चूक त्यामुळे टळते. मात्र आपल्याकडचे बहुतेक गिऱ्हाईक वेबसाइट उघडतच नाही, सरळ फोन करते, म्हणून खरे मोजमाप फोनजवळच्या वहीत होते. डिरेक्टरीसाठी वेगळे सिम घेण्याचा मोह टाळावा, कारण त्याने पुन्हा नंबरांचा घोळ होतो. फोन उचलणाऱ्याने 'नंबर कुठे मिळाला?' हा प्रश्न न चुकता विचारावा.

त्या वहीत तारीख, गाव, काय हवे होते, नंबर कुठे मिळाला आणि पुढे काय झाले असे पाच रकाने पुरतात. वर सांगितलेल्या मशीन शॉपच्या वहीची पाने मी स्वतः चाळली आहेत. ऑफिसातल्या मुलीने पेन्सिलीने 'डिरेक्टरी' असे लिहिलेल्या ओळींपैकी कितीतरी ओळी नोकरी मागणाऱ्यांच्या होत्या, काही त्यांच्याकडे न होणाऱ्या कामाच्या होत्या, आणि गंमत म्हणजे काही दुसऱ्या डिरेक्टऱ्यांच्या विक्रेत्यांच्या होत्या, कारण नंबर त्यांनाही तिथेच मिळतो. उरलेल्यांत जुने गिऱ्हाईक बरेच निघाले. त्यांनी कारखान्याचे नावच गूगलवर टाकले होते आणि वर आलेला पहिला नंबर लावला होता. तो नंबर डिरेक्टरीच्या पानावर होता इतकेच. अशी माणसे डिरेक्टरी नसती तरी आलीच असती, त्यामुळे ती हिशेबातून वजा करावी लागतात. विक्रेता जो मासिक अहवाल पाठवतो त्यात ही वजाबाकी कधीच नसते, आणि माझ्या मते सगळा फरक येथेच पडतो.

हिशेब साधा आहे. समजा वर्षाचे पॅकेज 24,000 रुपयांचे आहे. त्यावर 18 टक्के जीएसटीचे 4,320 धरून 28,320 रुपये होतात. वर्षभरात 120 फोन आले, वजाबाकी करून 30 नव्या आणि खऱ्या चौकश्या उरल्या आणि त्यांतून 6 ऑर्डरी मिळाल्या, तर एका ऑर्डरीमागे 4,720 रुपये पडले. नियमित जीएसटीत असाल तर कराचे क्रेडिट मिळून हाच आकडा 4,000 वर येतो. कंपोझिशनमध्ये, म्हणजे क्रेडिट न मिळणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांच्या जीएसटी योजनेत असाल तर तो कर खिशातूनच जातो. पंप केसिंगच्या एका ऑर्डरीत खर्च वजा जाता 15,000 उरत असतील आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा येणार असेल, तर हा सौदा वाईट नाही. कुंद्याच्या दुकानाला एका किलोमागे उरणाऱ्या रकमेत हे गणित बसणे शक्य नाही. त्याने गूगलवरच्या नोंदीतील फोटो नवे ठेवावेत आणि आलेल्या अभिप्रायांना उत्तरे द्यावीत.

सही करण्यापूर्वी करार पूर्ण वाचावा, विशेषतः नूतनीकरणाचे कलम. शहापूरच्या एका साडी-व्यापाऱ्याचे काम मी पाहत असताना आम्ही दोघांनीही 'मासिक हप्ता' हा शब्द वाचला आणि त्याखालचा मँडेट, म्हणजे खात्यातून रक्कम आपोआप कापण्याची परवानगी, वाचला नाही. वर्ष संपले तरी खात्यातून रक्कम कापली जातच राहिली, आणि बँकेत लेखी अर्ज देऊन मँडेट रद्द करेपर्यंत आणखी दोन हप्ते गेले. चूक आमचीही होती. तेव्हापासून मी तीन गोष्टी ईमेलवर लेखी मागतो: मुदत कोणत्या तारखेला आपोआप संपेल, मुदत संपल्यावर फुकटची नोंद आणि तिच्यावरील अभिप्राय तसेच राहतील का, आणि पानावर आमचाच फोन नंबर दिसेल की डिरेक्टरीचा. फोनवर दिलेला शब्द धरू नये. शक्य असेल तर तीन महिन्यांचे पॅकेज मागावे. वर्षाशिवाय देत नसतील तर आधी तीन महिने फुकटच्या नोंदीवर वही भरावी, म्हणजे तुलनेला आधार राहतो.

सर्वांत नेमकी परीक्षा मुदत संपताना होते. विक्रेता आठवडाभर फोन करील, सवलत वाढवील, तरीही लगेच नूतनीकरण करू नये. फुकटची नोंद चालू ठेवून आणखी तीन महिने वही तशीच भरावी आणि नव्या चौकश्यांच्या ओळी मोजाव्यात. ओळी स्पष्टपणे घटल्या तर पुन्हा पैसे भरता येतात, आणि तेव्हा सवलत बहुधा आधीपेक्षा मोठी मिळते. घटल्या नाहीत तर नोंदीवरचा पत्ता आणि नंबर बरोबर असल्याची एकदा खात्री करून घ्यावी, कारण पॅकेज बंद झाल्यावर काही ठिकाणी जुनाच तपशील पुन्हा वर येतो.