किडनीच्या आजारात आहार आणि वजन: या चुका टाळा

किडनीच्या रुग्णाचं वजन आठवड्यात दोन किलोंनी वाढलं की घरात पहिली कात्री लागते ती भाकरीला. पण ते दोन किलो बहुतेक वेळा पाण्याचे असतात, आणि भाकरी कमी केल्याने झिजतो तो स्नायू. वजनकाटा पाणी, चरबी आणि स्नायू यांची एकच बेरीज दाखवतो. अंगात पाणी साठतंय, स्नायू उतरताहेत आणि आकडा मात्र जागचा हललेला नाही, असं या आजारात सर्रास होतं. म्हणून काट्यावरचा आकडा एकटा कधीच वाचू नका.

वजन केव्हाही, कसंही करणं

रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर आणि साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करा, वहीत लिहा. एका रात्रीत किलोभर वाढ म्हणजे पाणीच. किलोभर चरबी अंगावर यायला ७,०००हून जास्त कॅलरी जादा खाव्या लागतात. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खळगा राहिला तर सूज आहे.

आता उलट बाजू. वजन तेवढंच, पण सदरा खांद्यात सैल, दंड बारीक, खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतोय, तर स्नायू झिजताहेत आणि त्यांची जागा पाण्याने घेतली आहे. डायलिसिसवरच्या रुग्णासाठी हे फार महत्त्वाचं, कारण अशा वेळी त्याचं ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढून टाकल्यावरचं वजन, नव्याने ठरवावं लागतं. जुन्याच आकड्यापर्यंत पाणी काढत राहिलं तर जास्तीचं पाणी अंगातच राहतं, बीपी उतरत नाही आणि रात्री आडवं पडल्यावर धाप लागते.

पाणी मोजणं, पण मीठ न मोजणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. शरीरात साठलेलं ८ ग्रॅम मीठ साधारण एक लिटर पाणी धरून ठेवतं. मीठ जास्त गेलं की तहान लागणारच. मग "पाणी कमी प्या" हे सांगणं रुग्णाचा छळ ठरतो. दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सपाट भरलेला एक लहान चमचा, आणि त्यातच पोळीच्या कणकेतलं, लोणच्यातलं, पापडातलं, फरसाणातलं सगळं आलं. सुकट, सुके बोंबील, खारवलेली मिरची यांची थोडीशी भरही हा हिशोब मोडते. ढोकळ्यातला सोडा आणि पापडखार यांतही सोडियम असतं, जिभेला खारट लागत नाही एवढंच.

सोपी रीत अशी: रुग्णाचं दिवसाचं मीठ सकाळी छोट्या डबीत काढून ठेवा. त्याची भाजी-आमटी फोडणीनंतर बिनमिठाची वेगळी काढा आणि मीठ त्या डबीतूनच घाला. लिंबू, आमसूल, ओलं आलं, जिरेपूड, हिरवी मिरची यांनी चव भरून निघते.

सैंधव वापरल्याने काही वाचत नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. "लो सोडियम" मीठ तर टाळाच: त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं आणि पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

पाण्याची मर्यादा प्रत्येकाला नसते. ज्यांना आहे, त्यांना साधारणपणे आदल्या दिवसाची लघवी अधिक ५०० मिली एवढं दिवसाचं माप सांगतात. चहा, ताक, सार, पेज, सोलकढी, बर्फ हे सगळं त्यात धरायचं. ठरलेल्या मापाची बाटली सकाळी भरून ठेवा. अर्धा कप चहा घेतला की तेवढंच पाणी बाटलीतून ओतून टाका. संध्याकाळी किती उरलं ते डोळ्यांसमोर राहतं. दोन डायलिसिसच्या मधली वजनाची वाढ ड्राय वेटच्या ४ ते ४.५ टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे ५५ किलोच्या माणसाला साधारण सव्वादोन ते अडीच किलो. याउलट सुरुवातीच्या टप्प्यात किडनी "धुऊन निघावी" म्हणून चार-पाच लिटर पाणी पिण्याने काही साधत नाही.

डायलिसिस सुरू झालं तरी जुनंच पथ्य

डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिनं बेताची ठेवतात, साधारण वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८ ग्रॅम, काहींना डॉक्टर याहून कमी सांगतात. डायलिसिस सुरू झालं की गरज १ ते १.२ ग्रॅमवर जाते, कारण प्रत्येक डायलिसिसमध्ये अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) निघून जातात. तरीही वरण-अंडी बंदच राहतात आणि माणूस सुकत जातो.

बेत म्हणजे बंदीही नव्हे. ६० किलोच्या, डायलिसिसवर नसलेल्या माणसाला ०.८च्या हिशोबाने ४८ ग्रॅम मिळतात. तीन पोळ्या (९० ग्रॅम कणीक) सुमारे १० ग्रॅम, ५० ग्रॅम तांदळाचा भात ४, ३० ग्रॅम तुरीची डाळ साडेसहा, दोन अंडी १२, एक कप दूध सहा-सात, अर्धी वाटी दही ३, भाज्या चारेक: एवढ्यात माप जवळपास भरतं. हिशोब सूज सोडून असलेल्या वजनावर करा.

जिमची प्रोटीन पावडर आणि कीटो मात्र नकोत.

पोटॅशियम: भिजवलं म्हणजे निघालं, हा समज

बटाटा रात्रभर नुसता पाण्यात ठेवल्याने फारसं पोटॅशियम निघत नाही. सोलून बारीक तुकडे करा, भरपूर पाण्यात उकळा, पाणी फेका, नव्या पाण्यात पुन्हा उकळा. कुकरला वाफवलं किंवा तेच पाणी आमटीत घातलं तर सगळं परत ताटात. पालेभाजीही उकळून, पिळून घ्या.

उपवासाच्या दिवशी जास्त जपावं लागतं. साबुदाण्यात पोटॅशियम नगण्य असतं. घात करतात ते खिचडीतला बटाटा, दाण्याचं कूट, वर रताळं, खजूर, केळं आणि "हलकं" म्हणून घेतलेलं शहाळं. वरीचे तांदूळ आणि साबुदाणा, कूट चिमूटभर, हे त्यातल्या त्यात बरं.

पण रिपोर्टमध्ये पोटॅशियम वाढलं की दरवेळी फळांनाच दोष देऊ नका. बद्धकोष्ठ, वाढलेली साखर, रक्तातली आम्लता, बीपीच्या काही गोळ्या यांनीही ते वाढतं. आणि ज्याचं पोटॅशियम ठीक आहे, त्याची फळं बंद करायचं कारण नाही.

कमरख हे पाच कडांचं आंबट फळ मात्र एक फोडही नको. त्यातलं विष कमजोर किडनी बाहेर टाकू शकत नाही. न थांबणारी उचकी, गोंधळ, झटके येतात.

फॉस्फरसची गोळी रिकाम्या पोटी

कमजोर किडनीमुळे रक्तात फॉस्फरस साठतो. तो बांधणारी गोळी जेवणासोबतच घ्यायची, अन्नातला फॉस्फरस पोटातच अडवणं हे तिचं काम. कोला आणि प्रोसेस्ड चीजमधलं मिसळलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं शोषलं जातं, डाळीतलं त्यामानाने बरंच कमी; आधी डाळ तोडू नका.

मधुमेहात जेवण कमी, इन्सुलिन तेवढंच

किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं. त्यात वजन उतरवायला जेवण घटवलं तर साखर पहाटे धाडकन खाली येते. जेवण बदलण्याआधी डोस विचारून घ्या. साखर उतरलीच तर मोसंबीचा रस नको, त्यात पोटॅशियम आहे. तीन लहान चमचे साखर अर्धा कप पाण्यात द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. अचानक पायातलं बळ गेलं, छातीत धडधडू लागलं किंवा झोपल्यावर श्वास कोंडला, तरी सकाळची वाट बघू नका.