गरोदरपणात बीपीची गोळी: सासूबाईंच्या डब्यातली नको

खानापूर-निपाणीकडच्या बऱ्याच घरांत सासूबाईंच्या डब्यात बीपीची गोळी असतेच. सुनेचं बीपी वाढलं की "आजच्यापुरती हीच घे गं" असा मायेचा सल्ला येतो. तो ऐकायचा नाही.

आधी पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव वाचा. ते 'सार्टन'नं संपत असेल (टेल्मिसार्टन, लोसार्टन) किंवा 'प्रिल'नं (रॅमिप्रिल, एनालाप्रिल), तर गरोदरपणात ती गोळी चालत नाही. बाळाची मूत्रपिंडं बिघडतात, गर्भजल कमी होतं. तुम्ही स्वतःच अशी गोळी घेत असाल, तर दिवस राहिल्याचं कळेल त्याच दिवशी डॉक्टरांकडून ती बदलून घ्या.

सहसा लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथिलडोपा देतात. या तिघींची तुलना नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत झाली होती. 2019 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला निष्कर्ष असा, की तिन्ही गोळ्यांनी बहुतेकींचं बीपी आटोक्यात येतं. दमा असेल तर मात्र आधीच सांगा, लॅबेटॅलॉल सोसत नाही. निफेडिपिनची सावकाश विरघळणारी गोळी मोडू किंवा चावू नका.

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. चहा अर्धा तास आधीच आटपा. 140/90 किंवा जास्त आलं की तारखेसह लिहून ठेवा आणि दवाखान्यात दाखवा.

आपल्याकडची खरी गोची माहेरपणाची. तपासणी कर्नाटकात बेळगावला, बाळंतपण महाराष्ट्रात गडहिंग्लजला किंवा चंदगडला! तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं तपासण्यांच्या नोंदींचं कार्ड; कन्नडमध्ये 'तायी' म्हणजे आई) आणि गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा पिशवीत घाला. नव्या डॉक्टरला कन्नड येईलच असं नाही, औषधाचं नाव मात्र कळतं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, दोन्ही राज्यांत.

160/110, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणं, तोंडावर एकदम सूज: यातलं एकही दिसलं तर जादा गोळी घेऊन वाट बघू नका. 108 लावा. हा नंबर सीमेच्या अलीकडे-पलीकडे एकच आहे.

बाळ झालं म्हणून गोळी आपली आपण बंद करू नका. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा चढू शकतं, आणि नेमकी तेव्हाच घरात पाहुण्यांची वर्दळ असते. मिथिलडोपा चालू असेल तर ती बदलायची का, हे घरी सोडण्याआधीच विचारून घ्या.