जुनी व्हॅन आखाजीलाच का तापते? गॅरेजला जाण्याआधी या चुका टाळा

आपल्याकडे जुन्या गाडीचा सौदा बहुतेकदा कापसाचे पैसे हातात आल्यावर होतो. दिवाळीनंतरच्या थंडीत इको असो की ओम्नी, चक्कर मारून पाहिली तर झकास पळते. खरी परीक्षा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. लेकींना माहेरी आणायचं, सात सीटच्या गाडीत दहा माणसं, बाहेर ४४ अंश. चाळीसगाव सोडून कन्नड घाटाला लागलं की तापमानाचा काटा लालकडे सरकतो. दोष गाडीत आधीपासूनच असतो, थंडीत तो दिसत नाही एवढंच.

गरम रेडिएटरचं झाकण उघडणं. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं. झाकण फिरवलं की तोंडावर उडतं. एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण चालू करा (माणसं शिव्या देतील, देऊ द्या), बाजूला थांबून इंजिन बंद करा आणि चांगलं गार होऊ द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. "गाव पाच किलोमीटरवर तर आहे" म्हणून तशीच दामटलेली गाडी पुढे टोचन करूनच आणावी लागते.

बोअरचं पाणी भरणं. ज्या पाण्याने घरातल्या हंड्याला पांढरा थर धरतो, तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतं. अडचणीत एकदा टाकलं तर ठीक. घरी आल्यावर सगळं काढून कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. सीटखाली इंजिन असलेल्या व्हॅनमध्ये भरताना हवा अडकते, ती नीट काढून घ्या, नाहीतर रेडिएटर भरलेला दिसूनही गाडी तापते.

थर्मोस्टॅट व्हॉल्व (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा) काढून टाकणं. हा सल्ला हायवेवरच्या टपरीवर हमखास मिळतो: "व्हॉल्व काढी टाकू भाऊ." तो काढला की इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि मूळ दोष झाकला जातो. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने तो काढलेला असण्याची शक्यता बरीच, म्हणून घेतल्यावर हे तपासूनच घ्या. अडकला असेल तर नवा टाका.

अंदाजाने पार्ट बदलत जाणं. सगळ्यात जास्त पैसा इथे जातो. आधी वॉटर पंप, मग फॅन, मग रेडिएटर, आणि शेवटी कळतं की झाकणाचं रबर गेलं होतं. गाडी कधी तापते ते आधी नीट पाहा. उभी असताना तापते आणि रस्त्याला लागली की काटा उतरतो, तर फॅन, त्याचा रिले किंवा सेन्सर तपासा. उभी असताना ठीक पण चढावर, वेगात तापते, तर रेडिएटर आतून बुजलेला किंवा बाहेरून धूळ नि कापसाच्या तंतूंनी भरलेला असू शकतो. जिनिंगच्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाड्यांत हे फार. खाली थेंब नाही तरी पाणी कमी होतं, तर मामला गंभीर. सकाळी गार इंजिनाचं झाकण काढून गाडी सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, किंवा ऑईलच्या झाकणाखाली चहाच्या रंगाचा चिकटा असेल, तर हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा) संशय घ्या.

सीएनजीवाल्यांसाठी: गाडी झटके देत असेल तर आधी पेट्रोलवर चालवून पाहा. पेट्रोलवर ठीक चालली तर दोष किटकडे शोधा. किटच्या रिड्यूसरलाही (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) कुलंटचे पाइप जातात आणि गळती तिथे असली तर सहसा कोणी बघत नाही. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते, त्याची तारीख कागदांतच पाहून घ्या.

आणि हेड उघडायची वेळ आलीच, तर नुसतं गॅस्केट बदलून बसवू देऊ नका. तापलेलं हेड वाकतं. ते लेथवाल्याकडे पाठवून सपाट आहे का पाहायला सांगा आणि लागलं तर फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून घ्या. हे टाळलं की तेच गॅस्केट पुन्हा जातं, आणि मिस्त्री म्हणतो पार्टच डुप्लिकेट होता.