उतरत्या फ्लँजवरचा ढिला बोल्ट: टेपर वॉशरचा उपाय

आयएसएमबी २०० (२०० मिमी उंचीच्या, आय-आकाराच्या पोलादी) बीमच्या खालच्या फ्लँजला, म्हणजे आडव्या पट्टीला, लावलेले एम१६ (१६ मिमी व्यासाचे) बोल्ट सारखे ढिले पडत होते. स्प्रिंग वॉशर बदलून फरक पडला नाही, पडणारच नव्हता. दोष उताराचा होता.

या बीमच्या फ्लँजची आतली बाजू वेबकडे (मधल्या उभ्या पट्टीकडे) जाड, कडेला पातळ. उतार सुमारे ८ अंश. एम१६ नट २४ मिमी रुंद, म्हणजे एका बाजूला जवळजवळ साडेतीन मिमी फट. नट एका कडेवरच टेकतो, पाना जड लागतो आणि वाटतं घट्ट बसलं. खरं तर ते बळ बोल्ट वाकवण्यात जातं. तो बोल्ट पुन्हा वापरू नये.

उपाय म्हणजे चौकोनी टेपर वॉशर: एक कड जाड, समोरची पातळ, त्यामुळे उतार भरून निघतो. तो मागताना बीमचा की चॅनलचा, हे सांगाच. आयएसएमसी (सी-आकाराच्या) चॅनलचा उतार सुमारे ६ अंश असतो आणि दुकानदार दोन्ही एकाच डब्यातून देतो.

वॉशरची जाड कड फ्लँजच्या मोकळ्या कडेकडे, पातळ कड वेबकडे. उलटी बसवली तर उतार दुप्पट! गुण्या लावून पाहा: वॉशरचा माथा बोल्टला काटकोनात हवा. शक्यतो बोल्टचं डोकं टेपरवर ठेवून धरायचं आणि सपाट बाजूचा नट फिरवायचा, नाहीतर वॉशर फिरतो. वॉशरच्या जाडीमुळे बोल्ट थोडा लांब घ्यावा. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत.

समांतर फ्लँजच्या बीमला मात्र साधा वॉशरच.